कुंभकर्णाचे गुण
(१९८८च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी बोलणार हे कळल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे, कुंभकर्ण मध्येच झोपला तर?" ही भीती मलाही आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

नववीच्या दिवाळीनंतर मला वर्गात झोप यायला लागली. रात्री नऊला झोपून सहाला उठायचो, तरी पहिल्याच तासाला मान खाली. चिमटे काढले, डोळ्यांना पाणी लावलं. बाकावर उभं केलं तर उभ्यानेही डुलकी लागायची. शिवाय जोरात हसलो की गुडघे लटपटायचे आणि हातातला डबा पडायचा. तुम्हाला ते नाटक वाटायचं. घरी आईने दृष्ट काढली, वडिलांनी आळशी ठरवलं. हळूहळू मीही स्वतःला आळशीच समजू लागलो. झोपेपेक्षा त्या समजुतीनेच माझं जास्त नुकसान केलं.

चौतिसाव्या वर्षी, नोकरीत दुसरा मेमो मिळाल्यावर, बायको मला झोपेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी एक कागद पुढे केला. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातले डॉ. मरे जॉन्स यांनी तयार केलेली ही मोजपट्टी. तिच्यात आठ प्रसंग आहेत : वाचताना, टीव्ही बघताना, सभेत बसल्यावर, तासभर गाडीत बसून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि गाडी रहदारीत थांबलेली असताना. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, ते शून्य ते तीन गुणांत सांगायचं. एकूण गुण चोवीस. दहापर्यंत ठीक, त्यापुढे झोप जास्त.

मी भरले तेरा. बायकोने कागद ओढून घेतला. "बोलता बोलता झोपत नाही म्हणे! परवा माझ्या भावाशी बोलताना काय झालं?" तिच्या हिशोबाने एकोणीस झाले. डॉक्टर हसून म्हणाले, "झोपणाऱ्याला स्वतःच्या सगळ्या डुलक्या कळत नाहीत. म्हणून घरच्यांनाही विचारायचं आणि यंत्रानेही मोजायचं."

मग एक रात्र आणि पुढचा दिवस डोक्याला तारा लावून रुग्णालयात काढला. दिवसा दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी, अशी पाच वेळा. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली तर ती जास्तीची झोपाळूपणाची खूण. मला तीन मिनिटांत लागली आणि चार वेळा लगेच स्वप्नांची झोप सुरू झाली. निदान झालं, नार्कोलेप्सी. मेंदूला जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन माझ्याकडे जवळजवळ नाही. हसल्यावर गुडघे लटपटणं हेही त्याच आजाराचं लक्षण. त्या दिवशी मी गाडीत रडलो. मी आळशी नव्हतो.

पण मला जास्त शिकवलं ते दुसऱ्या कागदाने. अमेरिकेतल्या टेरी वीव्हर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली ही तीस प्रश्नांची यादी. झोप किती येते हे ती विचारत नाही. झोपेमुळे काम, लक्ष, लोकांत मिसळणं, जवळीक यांत किती अडचण येते, ते विचारते. ती भरताना कळलं की मी सिनेमाला जाणं कधीच सोडलं होतं. लग्नकार्यं टाळत होतो. विनोद ऐकला की भिंतीला टेकत होतो आणि मुलीला उभ्याने उचलून घेत नव्हतो, कारण ती हसवते. मी आयुष्य इतकं आखडून घेतलं होतं की झोपायला जागाच कमी उरली होती.

गोळ्या आणि दुपारची ठरलेली वीस मिनिटांची झोप यांनी माझे गुण एकोणिसांवरून अकरावर आले. मी म्हणालो, "डॉक्टर, अजून नापासच?" ते म्हणाले, "दुसरा कागद बघा." त्या वर्षी मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत जागा राहून पाहिलं.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "याचं पुढे कठीण आहे." ते अगदीच चुकीचं नव्हतं. माझ्या मनात राग नाही. आपली तुकडी बाहेर पडली १९८८ला आणि डॉ. जॉन्स यांची मोजपट्टी आली १९९१ला. तुमच्या हातात छडी होती, मोजपट्टी नव्हती.

आता ती आहे. तुमच्यापैकी अनेक जण आज शिक्षक आहात, काही जण आजी-आजोबा झाला आहात. पुरेशी झोप घेऊनही एखादं मूल रोज वर्गात झोपत असेल, तर त्याला बाकावर उभं करण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा. आणि आपल्या वयाच्या मंडळींनो, रात्री घोरताना श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंगत असाल, तर तुम्हीही जा. या कागदाने निदान होत नाही, पण विचारायला सुरुवात होते.

मात्र आज श्रीखंड-पुरीनंतर जो डुलकी काढेल, त्याला काही आजार नाही. त्याला झोपू द्या.