द्राक्षबागेतील पिठ्या ढेकूण व त्याचा वैरी



घडात पांढरा कापूस दिसला की आपण लगेच फवारणीच्या तयारीला लागतो. माझे सांगणे एवढेच की, आधी घड हातात धरून नीट बघा.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, ही लिंबावरच्या खवले किडीची जातभाई. अंगावर मेणाचे पीठ आणि राहायला खोडाची सुटी साल. तिथे औषध पोचतच नाही. मग आणखी जहाल औषध मारायचे, खर्च वाढवायचा, आणि शेवटी मालात औषधाचा अंश निघाला की निर्यात हुकली.

या किडीला ॲनागायरस नावाचा एक वैरी आहे. गांधीलमाशीच्या कुळातली ही माशी तिळाहून बारीक. माणसाला काही करत नाही. ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून पोखरते. ढेकूण फुगतो, तपकिरी आणि कडक होतो, आणि त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. असे तपकिरी, भोकाचे ढेकूण बरेच दिसले तर जहाल फवारा मारू नका. ढेकूण मेणाखाली वाचेल, माशी मात्र मरेल.

एवढीशी माशी काय करणार, असे वाटेल. २००८ साली कोइमतूरला पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आला, तो पुढे पुण्याकडेही पसरला. फवारण्यांना दाद देईना. २०१० साली पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस ही माशी आणून सोडली, तेव्हा कीड आटोक्यात आली.

आता मुंगळ्यांचे. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंगळे त्याची राखण करतात आणि माशीला हुसकावतात. त्यांची वारुळे आधी मोडा. नुसते खोड पाहून भागत नाही बरं का, ते मांडवाच्या अँगलवरूनही चढतात.

आणखी एक. क्रिप्टोलिमस भुंग्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी पांढरी, झिपरी दिसते. ती ढेकूणच खाते, पण पुष्कळ जण तिलाच मारतात. काडीने डिवचून बघा. ढेकूण जेमतेम हलतो, अळी चटकन पळते.

एप्रिल छाटणीनंतर सुटी साल काढून जाळा. ऑक्टोबर छाटणीनंतर आठवड्यातून एकदा बाग फिरा आणि लागण झालेल्या वेलींना चिंधी बांधा. तपकिरी ढेकूण एकही नसेल आणि कीड वाढतच असेल, तर औषध घ्यावेच लागेल. पण चिंधीच्या वेलींपुरतेच, आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लेबलावर वाचून.