हिशेब विचारायला आलेल्यांचे स्वागत

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवरून आलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो,

मुरबाडकरांच्या वतीने आपले मनापासून स्वागत. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी ज्या सिद्धगडावर हुतात्मा झाले, तो याच तालुक्यात. सत्तेला जाब विचारणारे इथे परके नाहीत.

सरकारी खर्चावर लोकांची देखरेख, हा आजच्या परिषदेचा विषय ऐकायला मोठा वाटतो. आपल्याकडे तो विहिरीच्या काठावर भेटतो. भातसा-तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. खेप कागदावर चढते, तिचे पैसे निघतात. ती विहिरीत खरोखर रिती झाली का, हे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईइतके कुणालाच ठाऊक नसते. बिल मंजूर होताना तिला विचारतो कोण? ही परिषद मी तिच्यासाठी मानतो.

विचारले की फरक पडतो. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांच्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत होते. पाहणीत हे उघडकीस आले, मग सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापल्या, शाळांवर लावल्या. पुढे ८० टक्क्यांहून अधिक पैसा पोचू लागला. आपणही मागे नव्हतो. २००७ मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख राज्यातल्या ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत ठाणे होता. उपकेंद्रात औषध का नाही, गावाच्या आरोग्य समितीच्या वार्षिक १० हजारांचे काय झाले, हे जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून विचारता येऊ लागले.

कायदाही आपल्या बाजूने आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याच्या कलम १७ ने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग पेसात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्यात, येतो; तिथे आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो. पण दिवाळीनंतर आमचे कातकरी बांधव वीटभट्टीवर जातात. पाडा ओस असताना सह्या घेऊन उरकलेल्या ग्रामसभेला मी ग्रामसभा म्हणणार नाही. ग्रामसभेच्या तारखा लोक घरी असताना ठरल्या पाहिजेत, आणि रोजगार हमीच्या कामांचा हजेरीपट पाड्यावर मोठ्याने वाचला गेला पाहिजे. हे दोन ठराव स्वागत समिती आज आपल्यापुढे ठेवत आहे.

दुपारी पाड्यावरची माणसे आधी बोलतील, अधिकारी नंतर. ज्यांनी जॉबकार्ड, पासबुक आणले आहे, त्यांनी जेवणाआधी दाराजवळच्या टेबलावर नाव नोंदवावे. लिहिता येत नसेल, तर आमचे कार्यकर्ते लिहून घेतील.