परसातल्या तळ्यात विष गेलं तर

परसातल्या तळ्याच्या काठी कुणी फवारणीचा पंप धुतला आणि थोड्याच वेळात रोहू-कटला पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले, तर सगळ्यात आधी खाद्य बंद करा. पंपाचं पाणी अजून आत झिरपत असेल तर मातीचा बांध घालून अडवा. सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक माशांना फार घातक असतं. लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अवघे काही दशलक्षांश भाग असले, तरी मासे मरतात. म्हणून तगलेले मासे लगेच दुसऱ्या स्वच्छ पाण्यात हलवा. तशी सोय नसेल तर तळ्यातलं एक तृतीयांश पाणी बदला आणि मोटरीने फवारा सोडून पाण्यात हवा मिसळत राहा. घाईत नळाचं ताजं पाणी मात्र ओतू नका. त्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले पोळतात. ते उघड्या टाकीत दिवसभर ठेवून मगच वापरा. उपसलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, खाली कुणाची तरी गुरं तेच पितात. मेलेले मासे वेचून विहिरीपासून लांब, खोल पुरा. वर्षभर जपलेले मासे टाकताना जीव तुटतो, हे खरं. तरीही ते शिजवू नका, कोंबड्यांनाही घालू नका.