नगराचा वारसा : उत्तरदायित्व कोणाचे?

भोपाळचा ताजमहाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्यापुढे आजचा विषय मांडणे सोपे आहे. शाहजहान बेगमेचा हा महाल १८८४ मध्ये पूर्ण झाला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याने आसरा दिला. ते बैरागढला गेले आणि महाल ओस पडला. राज्य शासनाने तो संरक्षित घोषित केला २००५ मध्ये. तोवर व्हावयाची ती पडझड होऊन गेली होती.

एवढा विलंब का? केंद्राचा १९५८ चा कायदा किमान शंभर वर्षांच्या वास्तूंचा विचार करतो. महाल तेव्हा पाऊणशे वर्षांचाही नव्हता. त्याची शंभरी भरली १९८४ साली. त्या वर्षी या नगरावर काय कोसळले, ते सांगावयास नको. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६४ पासून आहे. परंतु कायदा असला म्हणजे वास्तू सुरक्षित झाली असे नव्हे. तिचे नाव अधिसूचनेत यावे लागते. तलावाकाठचा राणी कमलापती महाल केंद्राच्या यादीत आहे, म्हणून त्याच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे.

मिंटो हॉलचे भाग्य निराळे. १९९६ पर्यंत तेथे विधानसभा भरत असे. आमदारांच्या डोक्यावरचे छप्पर गळते राहत नाही! वापरातली वास्तू टिकते, ती अशी. सदर मंझिलमध्ये तर खुद्द महानगरपालिकेचेच कार्यालय होते. पुढे स्मार्ट सिटी योजनेतून तिचे पुनरुज्जीवन झाले.

प्रश्न उरतो तो चौक परिसरातील, कोणत्याच यादीत नसलेल्या हवेल्यांचा. तेथे पुरातत्त्व खाते येत नाही. बांधकामाची परवानगी, भिंतीलगतचे गटार, कमानीवरचा जाहिरातफलक हे सारे महानगरपालिकेच्या अखत्यारीत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धनही नगरसंस्थांच्या कार्यकक्षेत आले. मुंबईत १९९५ च्या नियमावलीने खाजगी मालकीच्या वारसावास्तूंची प्रतवारी लावली आणि त्यांतील बदलांसाठी समितीचा सल्ला आवश्यक केला. पाडकामाचा अर्ज येताच त्या वास्तूचे नाव यादीत शोधावे, एवढी सोय त्यामुळे झाली.

अशोका गार्डनसारख्या, रेल्वेमार्गापलीकडच्या वसाहतींतील मंडळी चौकात येतात ती बहुधा खरेदीपुरती. पण त्यांच्याही प्रभागातून नगरसेवक निवडून जातो, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकावर त्याचेही मत पडते. जुन्या कमानींच्या डागडुजीसाठी त्यात किती रक्कम धरली आहे, हे त्याला विचारता येते.