ब्रह्मदेशाचें भवितव्य
एखाद्या देशाचें भवितव्य जाणावयाचें तर प्रथम त्याच्या धान्याच्या कोठारांत डोकवावें. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, दुसऱ्या महायुद्धापूर्वीं जगांत सर्वांत अधिक तांदूळ निर्यात करी. दरसाल सुमारें ३० लाख टन. ४ जानेवारी १९४८ रोजीं देश स्वतंत्र झाला. पण त्याचे पुढारी आंग सान यांचा १९ जुलै १९४७ रोजींच खून झाला होता.

१९६२ सालीं जनरल ने विन यांच्या सैन्यानें सत्ता घेतली. व्यापार सरकारजमा झाला आणि शेतकऱ्याला भाताचा ठरीव वांटा बाजाराहून स्वस्त भावानें सरकारास विकणें भाग पडलें. मग त्यानें अधिक पिकवावें कशासाठीं? १९८७ मध्यें २५, ३५ व ७५ क्यातांच्या नोटा मोबदल्यावांचून रद्द झाल्या. घरोघरची पुंजी रद्दी ठरली, आणि पुढच्याच वर्षीं जनता रस्त्यावर आली.

२०१५ च्या निवडणुकीनें उजाडल्यासारखें वाटलें; परंतु १ फेब्रुवारी २०२१ रोजीं सैन्यानें पुनः सत्ता बळकावली व यादवी पेटली.

इरावतीकांठची जमीन आजहि सुपीकच आहे. पेरलेलें आपल्याच पदरीं पडेल, ही शाश्वती शेतकऱ्याला ज्या दिवशीं मिळेल, त्या दिवसापासून या देशाचें दैव पालटूं लागेल.