यंत्र कोणाचे, जबाबदारी कोणाची?



वसंत व्याख्यानमालेत बहुधा साहित्य, इतिहास आणि संतवाङ्मय ह्यांची चर्चा होते. माउलींची पालखी जेथे मुक्कामाला उतरते त्या नातेपुत्यात ते स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र आज यंत्राचा विषय घेऊन उभे आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार संघटनेच्या कचेरीत फार झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता ऐकावे, ही विनंती.

आपल्या माळशिरस तालुक्यात माळीनगर, अकलूज, सदाशिवनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. त्यांची धुराडी दुरून दिसतात. परंतु यंत्र तेवढ्यावर थांबलेले नाही. पिठाची गिरणी, गुऱ्हाळ, रसवंती, मळणी यंत्र, गोठ्यातली कडबाकुट्टी ही सारी यंत्रेच होत. म्हणजे येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण, स्वतःला कारखानदार म्हणवीत नसले तरी, यंत्राचे आणि त्यावर राबणाऱ्या माणसाचे मालक आहेत.

अपघात झाला की पहिला प्रश्न निघतो, ‘त्याचे लक्ष कोठे होते?’ आमचे म्हणणे असे की, पहिला प्रश्न ‘चाकावर जाळी होती काय?’ हा असला पाहिजे. माणसाचे लक्ष आठ तास एकसारखे राहात नाही. कोणाचे मूल आजारी असते, कोणाची रात्रपाळी असते, वैशाखात घामाने हात निसटतो. पट्टा पुलीवर चढतो त्या सांध्यात बोट सापडले, तर ते मागे घ्यावे हे सुचेपर्यंत मनगट आत गेलेले असते. कुट्टीचे रूळ पेंढी ओढतात तसाच हातही ओढतात. त्यांना फरक कळत नाही. माणूस चुकणार हे धरूनच यंत्राची मांडणी करावयाची असते, आणि ती मांडणी मालकाच्या हाती असते.

एका छोट्या कारखान्याचे प्रकरण आमच्याकडे आले होते. दुरुस्तीसाठी काढलेली जाळी पुन्हा बसवलीच नव्हती, आणि एका कामगाराची बाही पट्ट्यात गेली. मालक मनाने वाईट नव्हते. दवाखान्याचे पैसे दिले, दिवाळीला मुलांना कपडे धाडले. पण भरपाईचे नाव काढताच म्हणाले, ‘चूक त्याची!’ त्यांच्या ठिकाणी दया होती, जबाबदारीची जाणीव नव्हती. तुटलेल्या हाताचा संसार दयेवर किती दिवस चालावा?

हा वाद जुना आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्राला कुंपण घालावयास सांगितले, पण तो शंभर माणसांच्या कारखान्यांपुरता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी अर्ज केला. त्यात साप्ताहिक सुटीबरोबर अशीही मागणी होती की, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. त्यात सामान्य निष्काळजीपणाची सबब मालकाला दिलेली नाही. दारू पिऊन काम केले, स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला किंवा माहीत असलेली जाळी मुद्दाम काढली, एवढेच अपवाद ठेवले. जेथे जाळीच दिली नाही, तेथे ती काढल्याचा आरोप कसा करणार?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले की, कुंपण मजबूत असावे आणि यंत्र चालू असेतोवर जागेवरच असावे. चालू यंत्राजवळ जाणाऱ्या प्रशिक्षित माणसाला अंगासरशी कपडे मालकानेच द्यावेत, हेही त्यात लिहिले. भोपाळच्या १९८४ च्या भीषण प्रकारानंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी मालकावर ठेवली: यंत्र नीट राखणे, माहिती देणे, शिकवणे, देखरेख करणे. मळणी यंत्रांनी शेतमजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कारखाने अधिनियमाच्या जागी नवी संहिता आली. तिच्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे वीस किंवा अधिक कामगारांचा. तेव्हा दोन माणसांच्या गिरणीत आणि गोठ्यातल्या कुट्टीपाशी कारखान्याचा निरीक्षक येणार नाही. पण निरीक्षक येत नाही म्हणून रूळ काही बोथट होत नाहीत. कायदा माणसे मोजतो. पट्टा मोजीत नाही.

मग करावे काय? पट्ट्यावर आणि पुलीवर जाळी बसवा. गावातला वेल्डर ती करून देतो. खटका यंत्राशेजारी, उभ्या माणसाच्या हाताशी ठेवा. पेंढी सरकवायचे तोंड एवढे लांब व झाकलेले असू द्या की, हात पात्यापर्यंत पोचूच नये. अडकलेला कडबा काढताना, तेल घालताना यंत्र बंद, हा नियम करा आणि स्वतः पाळा. नव्या गड्याला पहिल्या दिवशी शिकवा. पोरांना दूर ठेवा. पदर आणि उपरणे आवळून बांधायला लावा.

कामगारांनाही आमचे सांगणे आहे: जाळी काढू नका. परंतु क्विंटलमागे मजुरी ठरवून ‘उरका, उरका’ म्हणणाऱ्या मालकाने ती जाळी अर्धी स्वतःच काढलेली असते, हेही विसरता येणार नाही.

दसऱ्याला आपण यंत्राला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. त्या आधी पट्ट्यावर जाळी आहे ना, एवढे पाहून घ्यावे. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते. गड्याचा हात बाजारात मिळत नाही.