तांब्याची तार जातांना

टेलिफोन ही वस्तु आतां इतकी परिचयाची झाली आहे कीं, ती चालते कशी याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. बेल यांनीं १८७६ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि अवघ्या सहा वर्षांत, १८८२ सालीं, मुंबईंतील पेढ्यांना टेलिफोन-केंद्राची सोय मिळाली. तें केंद्र चालविणारी ओरिएंटल टेलिफोन कंपनी इंग्लंडांतील होती. ज्या देशांतून ही सोय मुंबईला आली, त्याच देशानें तांब्याच्या तारेवरील टेलिफोन कायमचा बंद करण्याचें काम हातीं घेतलें आहे. तेथील तारांचें जाळें सांभाळणाऱ्या ओपनरीच या संस्थेनें ५ सप्टेंबर २०२३ पासून जुन्या पद्धतीची नवी जोडणी देणें देशभर थांबविलें. सर्व जुन्या जोडण्या बंद करण्यासाठीं प्रथम डिसेंबर २०२५ ची मुदत होती. पुढें २०२४ सालीं ती ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यांत आली.

हा निर्णय लहरीखातर झालेला नाहीं. जुन्या केंद्रांतील यंत्रें वार्धक्याला पोंचलीं. त्यांचे सुटे भाग मिळणें दुरापास्त झालें, आणि तीं दुरुस्त करूं जाणणारे कारागीर एकेक करून निवृत्त होऊं लागले. तांब्याच्या तारेंत पाणी शिरतें, सांधे गंजतात आणि आवाजांत खरखर सुरू होते. उलट कांचेचा तंतु प्रकाशाच्या साहाय्यानें संदेश नेतो. त्याला गंज चढत नाहीं, आणि एकाच तंतूवरून आवाज, पत्रें, चित्रें, हिशेब सर्व कांहीं एकदम धांवतें. नव्या पद्धतींत प्रत्येक संभाषणासाठीं वेगळी तार घ्यावी लागत नाहीं. एकाच ब्रॉडबँड जोडणीवर अनेक संभाषणें चालतात, आणि पेढीनें जागा बदलली तरी तिचा क्रमांक तिच्याबरोबर जाऊं शकतो. व्यापाऱ्याला यांत तोटा दिसत नाहीं, आणि केवळ बोलण्यापुरतें पाहिलें तर तो नाहींहि.

परंतु तांब्याची तार केवळ आवाज वाहत नव्हती. टेलिफोन-केंद्रांतून सुमारें ५० व्होल्टचा विजेचा पुरवठाहि तीच आणून देत असे. केंद्रांत बॅटऱ्यांची मोठी रांग असे, आणि तिच्या मदतीला डिझेलवर चालणारें जनित्र. गांवांतील वीज गेली, दुकानांत काळोख पसरला, तरी भिंतीवरचा साधा टेलिफोन जिवंत राही, तो यामुळें. या विजेचें वेगळें बिल कधीं आलें नाहीं, म्हणून ती मिळत होती हेंहि कोणाच्या ध्यानीं राहिलें नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं. साहजिकच नव्या टेलिफोनला पेढीच्याच विजेवर जगावें लागतें. ती गेली कीं राउटर विझतो आणि टेलिफोन मुका होतो.

बोलण्याचा टेलिफोन मुका झाला तर मनुष्य खिशांतील मोबाइल काढील. खरी चिंता आहे ती ज्यांवर कोणी रोज बोलत नाहीं अशा जोडण्यांची. अनेक वर्षांच्या ओघांत इमारतींमधून या तारेला कितीतरी यंत्रें जोडलीं गेलीं: लिफ्टमध्यें अडकलेल्यानें मदत मागण्यासाठीं दाबावयाचें बटन, आगीची वर्दी देणारें यंत्र, चोराची चाहूल कळविणारी घंटा, कार्डावर पैसे घेणारें यंत्र, फॅक्स. यांपैकीं कोणतें यंत्र कोणत्या तारेवर आहे, हें पुष्कळदां मालकाला ठाऊक नसतें; जोडून देणारा कंत्राटदार केव्हांच निघून गेलेला असतो. बिल मुकाट्यानें भरलें जातें, एवढीच त्या तारेशीं ओळख. ती एखाद्या दिवशीं निकामी झाली, तरी वरकरणी कांहींच बदलत नाहीं. लिफ्ट चालू असते, दिवे लागलेले असतात; उणीव कळते ती आंत अडकलेला मनुष्य बटन दाबतो तेव्हां.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्यें आर्वेन नांवाच्या वादळानें ब्रिटनमधील सुमारें दहा लाख घरांची वीज तोडली. जवळजवळ ४,००० घरें आठवड्याहून अधिक काळ विजेवांचून राहिलीं. मोबाइलचे मनोरेहि विजेवरच चालतात, म्हणून अशा वेळीं तो आधारहि भरंवशाचा राहत नाहीं. मार्च २०२२ मध्यें बी. टी. कंपनीनें घरगुती ग्राहकांना नव्या पद्धतीवर नेण्याचें काम कांहीं काळ थांबविलें. ब्रिटनमध्यें सुमारें १८ लाख वृद्ध, आजारी व अपंग माणसें घरीं मदतीच्या बटनाच्या आधारानें राहतात. जोडणी बदलल्यावर त्यांतील कांहींचीं यंत्रें ऐन वेळीं चाललीं नाहींत. तेव्हां डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें टेलिफोन कंपन्यांकडून लेखी हमी घेतली कीं, अशा ग्राहकाचें यंत्र नव्या जोडणीवर चालतें याची खात्री झाल्यावांचून त्याला सक्तीनें हलविलें जाणार नाहीं.

घरांतील वृद्धासाठीं सरकार जागें झालें; पेढीच्या मालकाला मात्र बरीचशी दक्षता स्वतःच घ्यावी लागते. त्याचा आरंभ बिलांपासून करावा. बिलावरचा प्रत्येक क्रमांक कागदावर मांडून, त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे तें समोर लिहावें. जो क्रमांक ओळखूं येत नाहीं त्याचा आधीं शोध घ्यावा. काय होतें तें पाहूं, म्हणून तो बंद करूं नये. बोलण्यासाठीं ब्रॉडबँडवरील टेलिफोन पुरेसा आहे. लिफ्टसाठीं सिम कार्डावर चालणारी, स्वतःची बॅटरी असलेली पेटी मिळते. ती जुन्या यंत्राला तांब्याच्या तारेसारखीच भासते, म्हणून बहुधा तें यंत्र बदलावें लागत नाहीं. मात्र पेटी बसवावयाच्या ठिकाणीं मोबाइलची लहर पोंचते कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. आगीची वर्दी शक्यतों दोन वाटांनीं जावी, एक ब्रॉडबँडची व दुसरी मोबाइलची. म्हणजे एक अडली तरी दुसरी उरते. राउटरला यूपीएस द्यावा, आणि बॅटरी झिजते हें विसरूं नये. वर्षानुवर्षें कोणी न पाहिलेली बॅटरी ही नांवाचीच बॅटरी होय.

सर्व जोडण्या झाल्यावर, इमारतींतील मंडळींना आधीं सूचना देऊन आणि लिफ्ट रिकामी थांबवून, एके दिवशीं मुख्य विजेचा खटका मुद्दाम बंद करावा. मग त्या स्थितींत मदतीचें बटन दाबून पलीकडे कोण बोलतें तें ऐकावें. तासाभरानें पुन्हां दाबून पाहावें. कंत्राटदाराच्या शब्दापेक्षां ही परीक्षा अधिक खरी.

तांब्याच्या तारेनें शंभराहून अधिक वर्षें दोन कामें केलीं आणि बिल एकाचेंच पाठविलें. तिच्या जागीं येणारें साधन पहिलें काम तिच्याहून चांगलें करील यांत शंका नाहीं. दुसरें काम कोण करणार, तें ठरवूनच शहाण्या गृहस्थानें जुनी तार सोडावी.